आक्रमक फळीचे मूल्यमापन, अमेरिकन फुटबॉलमधील

अमेरिकन फुटबॉल ह्या खेळात चेंडू ताब्यात असलेल्या संघाच्या अग्रभागी जे पाच खेळाडू प्रतिपक्षास अडविण्यासाठी उभे असतात, त्यांच्या फळीस आक्रमक फळी म्हणतात. ह्या पाच जणांनी चेंडू फेकावयाचा नसतो, झेलावयाचा नसतो आणि तो घेऊन पळावयाचेही नसते. आपल्या मागील सहकाऱ्यांना ह्या गोष्टी करण्यास जागा आणि अवधी मिळवून देणे, एवढेच त्यांचे काम. सामन्याच्या नोंदवहीत जे जे लिहिले जाते, त्यात त्यांचा वाटा मोठा असतो. परंतु त्यांचे नाव तीत सहसा येत नाही. म्हणूनच एखाद्या संघाच्या आक्रमक फळीची कामगिरी चांगली की वाईट, आणि तिचे श्रेय वा दोष पाचांपैकी कोणाचा, हे ठरविणे हा ह्या खेळातील मूल्यमापनाचा सर्वांत बिकट प्रश्न समजला जातो. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाशी ह्या बाबतीत काहीशी तुलना करता येईल. त्याने अडविलेल्या शेकडो चेंडूंची नोंद होत नाही. सुटलेल्या चेंडूंची मात्र ‘बाय’ म्हणून होते. तथापि यष्टिरक्षकाच्या नावावर निदान झेल व यष्टिचीत तरी जमा होतात. आक्रमक फळीतील खेळाडूच्या नावावर अधिकृत नोंदीत, तो किती सामने खेळला हे सोडल्यास, जवळजवळ फक्त त्याच्यामुळे संघाला झालेले दंडच जमा होत असतात.

रचना व कार्य : मैदानाची खेळावयाची लांबी १०० यार्ड (सु. ९१ मी.) असते व प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू एका वेळी मैदानावर असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघास चार प्रयत्नांत किमान १० यार्ड (सु. ९ मी.) पुढे सरकावे लागते, ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. ज्या काल्पनिक रेषेवर चेंडू ठेवून प्रत्येक डाव सुरू होतो, तीस ‘स्क्रिमेज-रेषा’ म्हणतात. फळीच्या मध्यभागी असलेला ‘सेंटर’ हा खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे उभ्या असलेल्या ‘क्वार्टरबॅक’कडे देतो. सेंटरच्या दोन्ही बाजूंस एकेक ‘गार्ड’ आणि त्यांच्या बाहेर एकेक ‘टॅकल’ उभा असतो. पंचांना आगाऊ कळविल्याखेरीज ह्या पाच जणांस पुढे फेकलेला पास झेलण्याचा अधिकार नसतो. व्यावसायिक सामन्यांत त्यांच्यापैकी बहुतेकांचे वजन ३०० पौंडांहून (सु. १३६ किग्रॅ.) अधिक भरते.

फळीचे कार्य दोन प्रकारचे आहे. चेंडू घेऊन पळावयाचे असेल, तर समोरच्या बचावपटूस मागे वा बाजूस रेटून धावणाऱ्यास वाट करून द्यावयाची असते. पास फेकावयाचा असेल, तर फळीतील खेळाडू स्वतःच मागे सरकत जातात आणि क्वार्टरबॅकभोवती अर्धवर्तुळाकार कवच उभे करतात. त्यास ‘पॉकेट’ म्हणतात. पहिल्या प्रकारात आघात करावयाचा, तर दुसऱ्यात तो सोसावयाचा व लांबवावयाचा. दोन्हींस लागणारे गुण निराळे असल्याने धावेच्या डावात उत्कृष्ट ठरणारा गार्ड पासच्या डावात सामान्य ठरलेला आढळतो. दोन्ही कामांची गोळाबेरीज करून काढलेला एकच आकडा त्यामुळे फारसा बोलका नसतो.

नियमही वेळोवेळी बदलत गेले आहेत. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग ह्या प्रमुख व्यावसायिक संघटनेने (पुढे ‘लीग’) १९७४ साली प्रतिपक्षास धरून ठेवण्याबद्दलचा आक्रमक संघाचा दंड १५ यार्डांवरून १० यार्डांवर आणला. १९७७ मध्ये बचावपटूने अडविणाऱ्याच्या डोक्यावर चापट मारण्यास बंदी घातली. आणि १९७८ मध्ये पासच्या डावात अडविणाऱ्यास बाहू पसरण्याची व उघड्या पंजांचा वापर करण्याची मुभा दिली. त्यापूर्वीचा खेळाडू मुठी छातीशी धरून अंगाने अडवीत असे. त्याची आणि आजच्या खेळाडूची आकड्यांवरून तुलना करणे व्यर्थ होय.

मूल्यमापनाचे महत्त्व : हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू पास फेकताना त्याच्या दृष्टीआड असते. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टन संघाचा क्वार्टरबॅक जो थाइझमन ह्याचा उजवा पाय न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलर ह्याच्या धडकेने मोडला व तो पुन्हा कधीही खेळू शकला नाही. दूरचित्रवाणीवर लाखो लोकांनी पाहिलेल्या ह्या प्रसंगाने डाव्या टॅकलच्या कामाचे मोल सामान्य प्रेक्षकाच्याही लक्षात आले. पुढे १९९३ पासून करार संपलेल्या खेळाडूस अन्य संघांशी मोकळेपणे बोलणी करण्याची सवलत मिळाली, तेव्हा ह्या खेळाडूंचे वेतन झपाट्याने वाढले. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को संघाने ट्रेंट विल्यम्स ह्या डाव्या टॅकलशी सहा वर्षांचा जो करार केला, त्याची कमाल रक्कम सु. १३·८ कोटी डॉलर होती. ज्याच्या कामाची सार्वजनिक नोंद जवळजवळ नाही, त्याची एवढी किंमत कोणत्या आधारावर ठरवावयाची, हा प्रश्न मग संघमालकांपुढेही उभा राहिला.

चित्रफितीवरून गुणांकन : सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक विश्वसनीय मानली जाणारी पद्धत म्हणजे सामन्याची चित्रफीत पुनःपुन्हा पाहून प्रत्येक खेळाडूस प्रत्येक डावासाठी गुण देणे. क्लीव्हलंड ब्राउन्स संघाचा पहिला प्रशिक्षक पॉल ब्राउन ह्याने १९४६ पासून ह्या पद्धतीस शिस्तबद्ध रूप दिले, असे मानतात. पॉकेटची आधुनिक रचना रूढ करण्याचे श्रेयही त्यालाच देतात, हा केवळ योगायोग नसावा. कोणाचे पाऊल कोठे पडावयास हवे, हे ज्याने आधी आखले, त्यालाच ते कोठे पडले हे तपासता येते.

प्रत्यक्षात फळीचा प्रशिक्षक सामान्यतः तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहतो : खेळाडूने नेमून दिलेल्या प्रतिस्पर्ध्याकडेच मोहरा वळविला काय, त्याची पावले, हातांची जागा व कंबरेची पातळी बरोबर होती काय, आणि अखेरीस तो प्रतिस्पर्धी अडला काय. ही विभागणी महत्त्वाची आहे. पावले चुकूनही निव्वळ ताकदीच्या जोरावर एखादा डाव निभावून जातो. तसेच सर्व काही बरोबर करूनही समोरचा खेळाडू सरस असल्याने डाव हरला जातो. पहिल्यास पूर्ण गुण व दुसऱ्यास शून्य दिले, तर पुढील आठवड्याच्या सरावात काय सुधारावयाचे ते प्रशिक्षकास कळणार नाही.

प्रत्येक डावास अधिक किंवा उणे अशी खूण करून अधिकांची टक्केवारी काढण्याची रीत महाविद्यालयीन व व्यावसायिक अशा दोन्ही स्तरांवर प्रचलित आहे. तिच्यातील दोष उघड आहे. समजा, एका टॅकलने ६० डावांपैकी ५४ नीट खेळले. त्याचे गुण ९० टक्के झाले. उरलेल्या सहांपैकी एका डावात त्याच्या बाजूने घुसलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या हातातील चेंडू उडविला आणि सामना गेला, तरी टक्केवारी तीच राहते. दुसऱ्या टॅकलने दहा डावांत किरकोळ चुका केल्या व त्यांपैकी एकीचेही पर्यवसान हानीत झाले नाही. त्यास ८३ टक्के. कोणता प्रशिक्षक पहिल्यास पसंत करील? म्हणून बरेच जण टक्केवारीबरोबर मोठ्या चुकांची गणती निराळी ठेवतात. पासच्या डावांपुरती ही निराळी गणतीच अधिक महत्त्वाची, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सॅक आणि त्याच्या मर्यादा : पास फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला स्क्रिमेज-रेषेमागे पाडले, तर त्यास ‘सॅक’ म्हणतात. बचावपटूंच्या वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद लीगने १९८२ पासून सुरू केली. अडविणाऱ्यांपैकी कोणामुळे सॅक झाला, ह्याची नोंद मात्र अधिकृत रीत्या होत नाही. ज्याने मारले त्याचे नाव लागते, ज्याच्या हातून निसटले त्याचे नाही. साहजिकच संघाने दिलेल्या एकूण सॅकच्या संख्येवरून फळीची पारख करण्याचा मोह सर्वांना होतो.

हा मोह कसा फसवा आहे, ते फिलाडेल्फिया ईगल्स संघाच्या १९८६ च्या हंगामावरून दिसते. त्या वर्षी ह्या संघाने १०४ सॅक दिले. लीगच्या इतिहासातील तो उच्चांक आहे. परंतु ह्या संघाकडून प्रामुख्याने दोन क्वार्टरबॅक खेळले. अनुभवी रॉन जॉवोर्स्की ह्याने २४५ पास फेकले व तो २२ वेळा पाडला गेला. तरुण रँडल कनिंगहॅम ह्याने केवळ २०९ पास फेकले आणि तो ७२ वेळा पाडला गेला. फळी तीच. बरेच अंतर बाकी असलेल्या तिसऱ्या प्रयत्नात, म्हणजे पास फेकणार हे प्रतिपक्षाने गृहीत धरलेलेच असताना, कनिंगहॅमला उतरविले जाई. शिवाय तो चपळ असल्याने चेंडू न सोडता इकडेतिकडे वाट शोधीत राही. फळी दुबळी नव्हती असे ह्यावरून म्हणता येणार नाही. पण १०४ ही संख्या केवळ तिच्या दुबळेपणाचे माप नव्हे, हे निश्चित.

ह्याच्या उलट टोकास मायॅमी डॉल्फिन्सचा १९८८ चा हंगाम. संपूर्ण हंगामात संघाने फक्त ७ सॅक दिले. ६०६ पास फेकणारा डॅन मरीनो सहा वेळाच पाडला गेला. मरीनो पायांनी मंद, परंतु चेंडू सोडण्यात विलक्षण जलद होता. हाच संघ त्या हंगामात धावेच्या डावांत लीगमधील दुर्बळ संघांत गणला जात होता. फळी चांगली होतीच. मात्र सातापैकी किती पुण्य तिचे व किती मरीनोच्या मनगटाचे, हे आकडा सांगत नाही.

सॅक ही क्वचित घडणारी घटना असल्याने ‘दबाव’ हे अधिक व्यापक माप पुढे वापरात आले. क्वार्टरबॅक पाडला गेला नाही तरी त्यास घाईने फेकावे लागले, जागा सोडावी लागली किंवा फेकताना धक्का बसला, तर तो दबाव धरतात. ह्या दोन मापांतील अंतर ७ फेब्रुवारी २०२१ रोजी झालेल्या पंचावन्नाव्या सुपर बोल सामन्यात स्पष्ट झाले. कॅन्सस सिटी संघाचे एरिक फिशर व मिचेल श्वार्ट्‌झ हे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. त्यांच्या जागी इतरांना सरकवून उभी केलेली फळी टॅम्पा बे संघापुढे टिकली नाही आणि सामना ३१–९ असा गेला. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स ह्याच्यावर सॅक नोंदले गेले केवळ तीन. दबाव मात्र पासच्या ५६ डावांपैकी २९ मध्ये आला. केवळ सॅकचा स्तंभ पाहणारा वाचक ह्या सामन्यात फळीने बरे काम केले, असा निष्कर्ष काढील. त्या संघाच्या चालकांनी तसा काढला नाही. पुढील हंगामाच्या आरंभी त्यांच्या फळीतील पाचही खेळाडू नवे होते.

ह्याच सामन्याने आणखी एक गोष्ट दाखविली. पासच्या डावात पाचांच्या गुणवत्तेची सरासरी काढून उपयोग नसतो. कबड्डीत चढाई करणाऱ्यास घेरणाऱ्या साखळीतील एकाचा हात सुटला, म्हणजे उरलेल्यांच्या बळाला अर्थ उरत नाही. तसेच येथे सर्वांत कच्च्या दुव्यावर फळीची मजबुती ठरते. प्रतिपक्षाचा प्रशिक्षक तो दुवा शोधून आपला सर्वोत्तम खेळाडू नेमका त्याच्यासमोर आणून उभा करतो. धावेच्या डावात परिस्थिती काहीशी निराळी असते, कारण तेथे कोणत्या बाजूने जावयाचे हे आक्रमक संघच ठरवितो व आपल्या बळकट बाजूचा लाभ घेऊ शकतो.

धावेच्या डावातील माप : धावणाऱ्याने मिळविलेल्या यार्डांपैकी फळीचे किती, हे वेगळे काढण्याचा एक प्रयत्न ‘फुटबॉल आउटसायडर्स’ ह्या २००३ साली आरंभ झालेल्या विश्लेषक गटाने केला. रेषेजवळचे यार्ड मुख्यतः फळीमुळे व दूरचे मुख्यतः धावणाऱ्यामुळे मिळतात, ह्या गृहीतावर त्यांचे ‘समायोजित फळी-यार्ड’ हे माप आधारलेले आहे. पहिल्या चार यार्डांचे पूर्ण श्रेय फळीस, पाचव्या ते दहाव्या यार्डाचे निम्मे आणि त्यापुढचे काहीच नाही. उलट मागे जावे लागल्यास हानीच्या १२० टक्के दोष फळीच्या माथी. उदा., १४ यार्डांची धाव झाली, तर फळीच्या खात्यात ७ यार्ड जमा होतात; दोन यार्ड मागे ढकलले गेल्यास २·४ यार्ड वजा होतात. त्यानंतर परिस्थिती व प्रतिपक्षाचे बळ लक्षात घेऊन आकडा दुरुस्त केला जाई. पद्धत कल्पक आहे, परंतु तीत प्रत्येक धावणारा सारखाच मानला आहे. डिट्रॉइटचा बॅरी सँडर्स (खेळण्याचा काळ १९८९–९८) हा थोर धावपटू मोठी धाव साधण्यासाठी वारंवार मागे वळे व त्या प्रयत्नात अनेकदा यार्ड गमावी. असे यार्ड फळीच्या नावे लिहिणे अन्यायाचे ठरेल.

श्रेयाची विभागणी तपासण्याचा अधिक समाधानकारक मार्ग म्हणजे फळी जवळजवळ तीच ठेवून धावणारा बदलल्यास काय होते, ते पाहणे. असा प्रयोग मुद्दाम करता येत नसला, तरी कधीकधी आपोआप घडून येतो. डेन्व्हर ब्रॉंकोज संघात १९९५ पासून अॅलेक्स गिब्ज हा फळीचा प्रशिक्षक होता. समोरच्या ठराविक खेळाडूऐवजी ठराविक क्षेत्र सांभाळीत सर्व फळीने एकाच दिशेने सरकण्याची पद्धत त्याने तेथे बसविली. १९९८ मध्ये टेरेल डेव्हिसने २,००८ यार्ड धाव घेतली. १९९९ मध्ये त्याचा गुडघा दुखावला. बदली आलेल्या ओलँडिस गॅरीने १,१५९ यार्ड मिळविले. २००० मध्ये माइक अँडरसनने १,४८७ आणि २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिसने १,५०८. डेव्हिस व अँडरसन हे दोघेही नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सहाव्या फेरीपर्यंत कोणी न घेतलेले. पोर्टिस तर डेन्व्हरमध्ये प्रत्येक धावेस सरासरी ५·५ यार्ड मिळवीत होता. २००४ मध्ये तो वॉशिंग्टन संघात गेला आणि पहिल्याच हंगामात ही सरासरी ३·८ वर आली. खेळाडू तोच, वयाने तरुण. बदलली ती फळी आणि तिची पद्धत. अर्थात ह्यातही फळीचे श्रेय व प्रशिक्षकाच्या आखणीचे श्रेय एकमेकांत मिसळलेले राहतेच.

व्यक्तिगत जबाबदारीचा प्रश्न : फळीची एकत्रित पारख एक वेळ साधेल, पाचांत दोष वाटून देणे त्याहून कठीण. दोन बचावपटू आपापल्या जागा ऐन वेळी अदलाबदल करून घुसतात, हा एक नेहमीचा डाव आहे. टॅकलसमोरचा खेळाडू आत शिरून गार्डला धडकतो आणि गार्डसमोरचा त्याच्या मागून वळसा घेऊन बाहेर येतो. अशा वेळी गार्ड व टॅकल ह्यांनी आपापले प्रतिस्पर्धी एकमेकांच्या स्वाधीन करावयाचे असतात. तसे न झाल्यास मोकळा सुटलेला खेळाडू टॅकलच्या शेजारून गेलेला दिसतो व प्रेक्षक टॅकलला दोष देतात. वस्तुतः गार्ड आपल्या माणसाला सोडावयास तयार नसल्याने हे घडले असू शकते. किंवा, त्या डावात अदलाबदल न करता प्रत्येकाने आपलाच माणूस धरावा, असा संकेत सेंटरने दिलेला असेल आणि तो टॅकलला ऐकू आला नसेल. प्रतिपक्षाच्या मैदानावर ऐंशी हजार प्रेक्षकांच्या गोंगाटात हे सहज संभवते.

क्वार्टरबॅकचे उभे राहण्याचे स्थान हाही असाच एक घटक. तो रेषेमागे सु. सात यार्डांवर थांबेल असे धरून टॅकल आपल्या पावलांचा कोन ठरवितो व बाहेरून येणाऱ्यास त्या बिंदूच्या पलीकडून वळवितो. क्वार्टरबॅक भांबावून दहा यार्डांपर्यंत मागे गेला, तर टॅकलने बिनचूक वळविलेला बचावपटू नेमका त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. चित्रफितीत टॅकल हरलेला दिसतो. तो हरलेला नसतो. शिवाय कोणास शेजाऱ्याचे वा मागच्या खेळाडूचे साहाय्य होते व कोण एकटा झुंजत होता, हेही पाहावे लागते. चांगला टॅकल असलेला संघ त्यास एकटा सोडून साहाय्य दुसरीकडे वळवितो. त्यामुळे त्याच्या चुका संख्येने वाढलेल्या दिसण्याचाही संभव असतो.

श्रेयवाटपातील अशा गफलतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे झालेल्या अजिंक्यपदाच्या सामन्यातील होय. तापमान शून्याखाली सु. २५ अंश सेल्सिअस होते. १६ सेकंद उरले असता ग्रीन बे पॅकर्स संघ डॅलस काउबॉइजच्या १७ गुणांविरुद्ध १४ गुणांवर होता व चेंडू अंतिम रेषेपासून यार्डभर दूर होता. क्वार्टरबॅक बार्ट स्टार ह्याने चेंडू स्वतःच घेऊन उजवा गार्ड जेरी क्रेमर ह्याच्या मागून मुसंडी मारली आणि सामना जिंकला. दूरचित्रवाणीवर तो क्षण पुनःपुन्हा दाखविला गेला आणि क्रेमरचे नाव घरोघर पोहोचले. दूरचित्रवाणीच्या त्या तंत्राचेच नाव घेऊन ‘इन्स्टंट रिप्ले’ हे त्याचे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात समोरच्या जेथ्रो प्यू ह्याला क्रेमर व सेंटर केन बोमन ह्या दोघांनी मिळून हटविले होते. बोमनचे नाव जाणकारांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाही. क्रेमरलाही ‘हॉल ऑफ फेम’ ह्या सन्मानसूचीत स्थान मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले.

संघाच्या यशावरून खेळाडूची पारख करू नये, ह्याला क्लीव्हलंडचा डावा टॅकल जो टॉमस ह्याची कारकीर्द साक्ष आहे. २००७ ते २०१७ ह्या अकरा हंगामांत त्याच्या संघाने ४८ सामने जिंकले व १२८ गमावले. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या मागे उभे राहणारे क्वार्टरबॅक सतत बदलत होते. असे असूनही पहिल्या दहाही हंगामांत त्याची निवड ‘प्रो बोल’ ह्या मानाच्या सामन्यासाठी झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटेपर्यंत तो संघाच्या आक्रमणाचे १०,३६३ डाव सलग, एकही न चुकविता खेळला. २०२३ मध्ये पात्र ठरताच त्याचा सन्मानसूचीत समावेश झाला. सलग उपस्थिती हा गुण मोजावयास सर्वांत सोपा आणि मूल्यमापनात बहुधा सर्वांत उपेक्षित आहे. पाच जणांना एकमेकांच्या हालचाली न पाहता कळाव्या लागतात. ती जाणीव एकत्र खेळूनच येते.

अलीकडील पद्धती : मैदानावरील सर्व २२ खेळाडू दिसतील अशी चित्रफीत पूर्वी फक्त संघांपाशी असे, २०१२ पासून ती सामान्य वर्गणीदारांनाही उपलब्ध झाली. तत्पूर्वीच इंग्लंडमधील नील हॉर्न्सबी ह्याने ‘प्रो फुटबॉल फोकस’ ही संस्था काढून प्रत्येक खेळाडूस प्रत्येक डावासाठी उणे दोन ते अधिक दोन ह्या दरम्यान गुण देण्यास प्रारंभ केला होता. ह्या गुणांचे पुढे शून्य ते शंभर अशा श्रेणीत रूपांतर केले जाते. फळीतील खेळाडूंना प्रथमच सर्वांना पाहता येईल असा वैयक्तिक आकडा मिळाला, हे ह्या संस्थेचे मोठे कार्य. परंतु गुण देणाऱ्यास त्या डावातील नेमणूक ठाऊक नसते; ती त्याला अनुमानाने ठरवावी लागते. प्रशिक्षकांचा ह्या गुणांवरील मुख्य आक्षेप हाच आहे व तो रास्त आहे. मात्र आपल्याच खेळाडूंना गुण देणाऱ्या प्रशिक्षकाला अन्य संघांतील खेळाडूंशी तुलना करण्याचे साधन नसते, हेही मान्य केले पाहिजे.

खेळाडूंच्या खांद्यांवरील संरक्षक गाद्यांत रेडिओ-लहरी सोडणाऱ्या चकत्या बसवून त्यांचे स्थान सेकंदास दहा वेळा टिपण्याची व्यवस्था लीगने २०१४ पासून सुरू केली व लवकरच ती सर्व मैदानांवर झाली. ह्या नोंदींच्या आधारे ई. एस. पी. एन. ह्या क्रीडावाहिनीने २०१८ मध्ये पासच्या डावातील ‘अडवणुकीचा विजय-दर’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. अडविणाऱ्याने आपल्या प्रतिस्पर्ध्यास अडीच सेकंद थोपविले, तर तो डाव त्याने जिंकला असे धरतात. मानवी पूर्वग्रह टळतो, हा ह्या पद्धतीचा लाभ. पण अडीच सेकंदांची मर्यादा शेवटी संकेतच आहे. जेथे चेंडू दोन सेकंदांत सुटतो तेथे ती अनावश्यक, आणि जेथे लांब पासासाठी साडेतीन सेकंद हवे असतात तेथे अपुरी. हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आहेत की खांद्याबाहेर, त्याची जर्सी मुठीत धरली आहे काय, हे चकतीला दिसत नाही.

सन्मान व पारितोषिके : केवळ आक्रमक फळीत खेळलेल्या खेळाडूचा हॉल ऑफ फेममध्ये पहिला समावेश १९७३ साली, बॉल्टिमोर कोल्ट्सच्या जिम पार्कर ह्याच्या रूपाने झाला. प्रो बोलसारख्या निवडींत ख्यातीचा भाग मोठा असतो. एकदा नाव झालेला खेळाडू उतरणीला लागल्यावरही काही वर्षे निवडला जातो. संख्यात्मक पद्धतीही ह्या दोषापासून मुक्त नाहीत. डग ड्रिनेन ह्याच्या ‘अंदाजित मूल्य’ ह्या पद्धतीत संघाच्या आक्रमणाच्या श्रेयाचा ५/११ वाटा फळीकडे जातो व तिच्या खेळाडूंत तो वाटताना अन्य गोष्टींबरोबर अशा मानाच्या निवडींचाही आधार घेतला जातो. ख्यातीवरून आकडा आणि आकड्यावरून पुन्हा ख्याती, असे हे चक्र आहे.

महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९४६ पासून दिले जाणारे आउटलंड पारितोषिक आक्रमक वा बचाव फळीतील एका खेळाडूस मिळते. २००० पासूनचे रिमिंग्टन पारितोषिक केवळ सेंटरसाठी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेले जो मूर पारितोषिक मात्र व्यक्तीस न देता संपूर्ण फळीस दिले जाते. त्याचा पहिला मान ॲलाबामा विद्यापीठास मिळाला. २०२१ व २०२२ असे सलग दोनदा ते मिशिगन विद्यापीठाने मिळविले. २०२४ चे पारितोषिक वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या फळीस देण्यात आले. हा संघ बहुतेक डाव धावेचेच खेळतो व पास क्वचित फेकतो. त्यामुळे पासच्या डावात ती फळी इतरांच्या तुलनेत कशी उतरली असती, हे तपासण्याइतके डाव परीक्षकांपुढे नव्हते.